टेरेसची बदली

बाई मला ‘टेरेस’ म्हणायच्या. नाव ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं होतं, नवऱ्याचं विचारलं होतं, मुलीचं विचारलं होतं, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या होत्या, “ठीक. गच्चीवरच्या खोलीत राहील ती टेरेस आणि मागच्या खोलीत राहील ती रिअर. माणसं बदलतात, खोल्या बदलत नाहीत. कोण नावं पाठ करत बसणार?”

गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी असायची. नळाला पाणी आलं की एक लांब, खाली बोलवायचं असेल तर दोन लांब. पाठोपाठ आवाज, “टेरेस! पाणी!” सोलापुरात पाणी येणार चार दिवसांनी, तेही किती वाजता येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या नळाकडं बघत बसायच्या नाहीत. बाईंची शिट्टी झाली की घागरी काढायच्या.

आम्ही यवतमाळकडचे. माझ्या नवऱ्याला इथं टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात काम मिळालं, म्हणून आलो. अक्कलकोट रोडच्या अंगाला खोली शोधत हिंडत होतो. मुलगी कडेवर, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आम्ही तोंड उघडलं की लोक दार लोटून घ्यायचे. ‘मले-तुले’ बोलणारी माणसं, कुठली कोण! मी मुळातच भित्री. दार वाजवायच्या आधीच मला ‘नाही’ ऐकू यायचं. बाईंनी दार उघडलं, आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, “कान चांगले आहेत? शिट्टी ऐकू येईल?”

“येईल जी,” मी म्हटलं.

“मग चढवा सामान.”

ओळख नाही, पाळख नाही, डिपॉझिटचं नावही नाही. अट मात्र एक. “तीन वर्षं. चौथं नाही. चांगले असलात तरी नाही. वाईट असलात तर त्याच्या आधी.” तेव्हा मला तीन वर्षं म्हणजे जन्म वाटला. मी हो म्हटलं आणि जिन्यात बसून रडून घेतलं. त्या माऊलीनं दिलेल्या त्या सावलीचे उपकार मी विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत.

त्या कादंबऱ्या लिहितात हे मला कळलं ते पायांच्या आवाजावरून. सकाळी चहा झाला की खालून ‘धप धप, धप धप’ सुरू व्हायचं. मला वाटलं, बाई मसाला कुटतात. एकदा टाकी भरल्याचा निरोप द्यायला खाली गेले तर काय! दोन काळ्या लोखंडी ट्रंका एकावर एक ठेवलेल्या, वरच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांच्या वडिलांचा फौजेतला नंबर आणि हुद्दा, त्यावर कागद, आणि बाई समोर उभ्या राहून जागच्या जागी कवायत करतायत. पायात कॅनव्हासचे बूट. पाय थांबले की वाक्य सापडलं, असं समजायचं. कधी कधी अर्धा दिवस पाय थांबायचे नाहीत. त्या दिवशी आम्ही गच्चीवर हळू बोलायचो.

“बाई, टेबल घ्या ना एक. बसून लिवा,” मी एकदा म्हटलं.

“टेबल सरकारचं असतं. परत करावं लागतं. ट्रंक आपली.”

“आणि खुर्ची?”

“बसलेला पहारेकरी आणि झोपलेला पहारेकरी यात फक्त पाच मिनिटांचा फरक असतो.”

वडील फौजेत होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. बाईंचं बालपण जबलपूर, अंबाला, बेळगाव, सिकंदराबाद असं छावण्या-छावण्यांतून गेलं. दोन-तीन वर्षं झाली की बदली. निवृत्तीनंतर वडिलांना सोलापुरात एका गिरणीत पहाऱ्यावरचा साहेब म्हणून नोकरी मिळाली. पुढं गिरणी बंद पडली, वडील गेले, आई गेली. बाई इथल्याच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. कुणी विचारलं, तुम्ही सोलापूरच्या कशा, की म्हणायच्या, “मी कसली सोलापूरची? पुढची ऑर्डर आली नाही म्हणून थांबले आहे.” हे त्या चाळीस वर्षं सांगत होत्या.

पहिली कादंबरी त्यांनी शाळेच्या सुट्टीत लिहिली, जवानांच्या बायकांवर. पुण्याच्या प्रकाशकानं छापली, तिला बक्षीसही मिळालं. मग एकामागून एक येतच राहिल्या. बाहेरगावची माणसं घर शोधत यायची, शाल-नारळ आणायची. शाली बाई आमच्यात वाटून टाकायच्या, नारळाची चटणी करायच्या.

त्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. घड्याळ कपाटावर उभं, आरसा खिडकीत टेकवलेला, कॅलेंडर खुर्चीवर बसवलेलं, पाहुण्यासारखं. मला हे काही माहीत नव्हतं. मी आपला मुलीच्या दप्तरासाठी एक खिळा ठोकला. रविवारी बाईंची तपासणी असायची. पांढरा रुमाल खिडकीच्या कडेवरून फिरवायचा आणि धूळ दिसली की मला दाखवायचा. त्या रविवारी रुमाल अर्ध्यातच थांबला. बाई खिळ्याकडं बघत राहिल्या.

“हे काय?”

“दप्तर अडकवाले, बाई.”

“आणि क्वार्टर सोडताना? बाबू येऊन भिंती तपासतो. भोकाचे पैसे पगारातून कापतात!”

“पण बाई, घर तुमचंच आहे ना?”

“म्हणून काय झालं?” बाई म्हणाल्या. मग स्वतःच जरा घोटाळल्या. पण खिळा काढायला लावलाच. भोक कसं बुजवायचं तेही शिकवलं. अंगाच्या साबणाची वडी भोकावर घासायची, वरून चुन्याचं बोट फिरवायचं. छावणीतल्या साऱ्या बायका तसंच करायच्या म्हणे. आजही ते भोक शोधून दाखवा, सापडणार नाही. बाई गेल्यावर वाचनालयात त्यांचा मोठा फोटो लावला, तेव्हा त्यासाठी भिंतीत चांगला बोटभर खिळा ठोकत होते. मला ते बघवलं नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मी आठवीतून शाळा सोडलेली. वाचायला वेळ लागायचा. पण ज्यांच्या घरात राहतो त्यांचं एक तरी पुस्तक वाचावं म्हणून त्यांची पहिली कादंबरी मागून आणली. दिवसा टॉवेलांच्या कडा शिवायच्या, घर आवरायचं, मग दोन पानं. त्यात सुमन नावाची एक जवानाची बायको होती. शेजारच्या क्वार्टरमधली, हसरी, पोटुशी. माझा जीव तिच्यात गुंतला. आणि पुस्तकाच्या मध्यातच नवऱ्याची बदली होऊन ती जी गेली ती गेलीच. मी शेवटपर्यंत वाट बघितली.

“बाई, त्या सुमनचं पुढं काय झालं?”

“कोण सुमन?”

“पुस्तकातली. तिले सातवा लागला होता.”

“बदली झाली. गुवाहाटीला गेले.”

“ते वाचलं मी. पण पोरगा झाला का पोरगी?”

“मला काय माहीत?”

“तुम्हीच तं लिहिलं, बाई!”

“लिहिलं म्हणजे सगळं माहीत असतं का?” बाई चिडल्या. मग ट्रंकेवरचे कागद उगाच सारखे करत म्हणाल्या, “होती एक आमच्या शेजारी. ट्रक निघाला तेव्हा तिनं हात हलवला. तिला पोरगा झाला का पोरगी, मला आजतागायत माहीत नाही. तुला कुठून सांगू?”

त्यांच्या सगळ्याच पुस्तकांत असं होतं, हे मला वाचनालयाच्या सरांनी सांगितलं. माणसं मरत नाहीत, भांडत नाहीत, निघून जातात. एका सभेत कुणा प्राध्यापकानं विचारलं होतं, “तुमची पात्रं मध्येच नाहीशी का होतात?” बाई म्हणाल्या होत्या, “तुमच्या घरातली होत नाहीत? नशीबवान आहात.” आणि खाली बसल्या होत्या.

आता लक्ष्मीअक्काबद्दल सांगायला हवं. पलीकडच्या गल्लीत राहायची, माझ्यासारखीच टॉवेलांच्या कडा शिवायची. शिवणाचं काम मला तिनंच मिळवून दिलं. घरात तेलुगू बोलायची, माझ्याशी सोलापुरी मराठी. माझ्या आधी ती बाईंची ‘रिअर’ होती.

“तू फरशी पुसू नको एवढी,” ती म्हणायची. “मी पण पुसली. गुडघे गेले माझे. तीन वर्षं झाली, दोन शिट्ट्या वाजल्या. ‘रिअर, टेन्युअर संपलं.’ मी लई रडले की! ती न्हाय रडली. बडा खाना दिली.”

“ते काय असतं?”

“जेवण गं. फौजेत साहेब लोक जवानांना वाढतात म्हणं, तसं. स्वतः उभं राहून वाढली, मला बस म्हणली. आणि निघताना दारात सॅल्यूट! मी पिशव्या घेऊन रस्त्यावर, आणि ही मला सॅल्यूट मारतीय. रडावं का हसावं कळंना.”

“राग नाही आला?”

“आला की. पण दिवाळीला चकल्या घेऊन जाते मीच. काय करू, बाई लई चांगली हाय.”

मी ऐकलं, पण मनात म्हटलं, आपण असं राहू की बाईंना आपल्याला काढावंसंच वाटणार नाही. दर सहा महिन्यांनी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्यानं रिपोर्ट द्यायच्या. “टेरेस. स्वच्छता उत्तम. पाण्याची शिस्त उत्तम. आवाज कमी. मुलगी बोलकी, चालेल.” रिपोर्ट चांगला आला की मी आणखी पुसायची. दोरीवरचे कपडे एका उंचीला वाळत घालायची. शिट्टीचा आवाज विरायच्या आत खाली हजर व्हायची. आमचे हे म्हणायचे, “तू बाईच्या घरात राहतं का फौजेत भरती झालीस?”

मला इतकी भीती कशाची होती, ते सांगते. मी आठवीत होते तेव्हा बाबा आम्हाला घेऊन दूरच्या वीटभट्टीवर गेले. हंगाम संपला की परत येऊ म्हणाले. आलोही. पण तोवर वर्ग पुढं गेला होता, माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसत होती, आणि पुन्हा भट्टीचे दिवस आले. शाळा सुटली ती सुटलीच. माझी गुड्डी आता कोपऱ्यावरच्या शाळेत पहिलीत होती. तिची बाकावरची जागा ठरलेली होती, खिडकीजवळची. ती जागा जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तीन वर्षं भरायला अजून सहा-सात महिने होते. दुपारी दोन शिट्ट्या झाल्या, लांब. माझ्या हातातली सुई तिथंच राहिली. खाली गेले तर बाई इस्त्रीची साडी नेसून उभ्या, चेहरा आनंदी.

“टेरेस, बढती!”

“काय झालं, बाई?”

“माझ्या एका विद्यार्थिनीचं घर आहे शहराबाहेर, कुंभारीला. दोन खोल्या, स्वतःचा नळ, भाडं हेच. तुझं नाव सुचवलंय मी. पुढच्या महिन्यात ताबा.”

“पण तीन वर्षं तं अजून...”

“चांगल्या माणसाला कुजवत ठेवत नाहीत,” बाई अभिमानानं म्हणाल्या. “फौजेत चांगल्याला लवकर हलवतात. वर. तुझ्याइतका चांगला रिपोर्ट मी आजवर कुणालाच दिला नव्हता.”

मी ‘उपकार झाले, बाई’ म्हटलं. लक्ष्मीअक्काला सांगितलं तर तिला जे हसू फुटलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “सांगत होते की न्हाय? लई पुसलीस फरशी! घे आता!”

घरी हे खूश. “दोन खोल्या, आपला नळ. आणखी काय पाहिजे माणसाले? बाईनं एवढं केलं आणि तू नाही म्हणशीन तं तोंड कसं दाखवू?” खरंच होतं त्यांचं. कुंभारीलाही शाळा होतीच. पण माझ्या मनात एकच धरून बसलं होतं. बाईंच्या लहानपणी पुढच्या छावणीत पुढची शाळा तयार असायची. माझ्या वेळी पुढं काही नव्हतं. त्यामुळं ‘पुढं आहे’ असं कुणी म्हटलं तरी माझा विश्वास बसत नाही.

रविवारी दुपारी बडा खाना. बाईंनी स्वतः पुऱ्या लाटल्या, खीर केली, लक्ष्मीअक्कालाही बोलावलं. आम्ही ओळीनं बसलो आणि बाई डाव घेऊन उभ्या. आधी भाषण झालं. “टेरेसनं या घरात उत्तम सेवा केली. मुलीनं अभ्यास चांगला केला. नवऱ्यानं जिन्यात विडी ओढली, ती मी सोडून दिली.” हे खाली बघायला लागले. बाई मला वाढायला वाकल्या. खिरीचा डाव माझ्या वाटीवर आला आणि माझ्या तोंडून निघालं,

“बाई, मले नाई जाचं.”

डाव तिथंच थांबला. खीर थेंब थेंब ताटात पडत होती.

“अवं!” हे दात-ओठ खात पुटपुटले.

“काय म्हणालीस?”

“मले नाई जाचं, बाई. खोली लहान आहे तं असू द्या. नळ नको. पोरगी खिडकीजवळ बसते शाळेत. एकदा उठवलं ना, मग जागा राहत नाही. माझी नाही राहिली.” एवढं बोलले आणि मला वाटलं, आता शिट्टी वाजेल आणि सामान आत्ताच खाली जाईल.

बाई माझ्यासमोर फरशीवर बसल्या. डाव हातातच. बडा खान्यात वाढणारा बसत नाही, हे त्यांनीच सांगितलेलं.

“असं म्हणता येतं?” त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

“म्हणली की आत्ता!” लक्ष्मीअक्का म्हणाली.

“आई एकदाही म्हणाली नाही,” बाई म्हणाल्या. “ऑर्डर आली की ती भांडी पोत्यात भरायला घ्यायची. आणि पहिली ट्रंक मी ओढायचे. मोठा भाऊ रुसून बसायचा, मी नाही. बाबा पाठ थोपटायचे, शाबास म्हणायचे. त्या शाबासकीसाठी मी...” मुलगी म्हणाली, “आजी, खीर.” तेव्हा त्यांनी वाटी भरली.

मग म्हणाल्या, “आडमुठेपणा नाही हा माझा. मला येतच नाही ते. पहिल्या वर्षी ओळख होते, दुसऱ्या वर्षी सवय होते, तिसऱ्या वर्षी सामान बांधायचं असतं. चौथ्या वर्षी माणसं एकमेकांशी काय बोलतात, मला माहीत नाही.”

“भांडतात,” लक्ष्मीअक्का म्हणाली.

“विचार करते,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी विद्यार्थिनीला ‘थांब’ कळवलं. आम्हाला मात्र हो नाही की नाही नाही. महिने गेले. खालून सकाळपासून ‘धप धप’ चालू, पाय थांबायचं नाव नाही. मी जास्तीची भांडी एका पोत्यात भरून ठेवली होती. काढायची, लागतील तेवढी वापरायची, पुन्हा भरायची. हे म्हणायचे, “विचारून टाक ना एकदा.” पण एकदा तोंड उघडलं होतं, तेवढीच माझी ताकद होती.

ज्या दिवशी तीन वर्षं भरली त्या सकाळी शिट्टी झाली नाही. हे कारखान्यात गेले, गुड्डी शाळेत गेली. मी पोत्याजवळ बसून राहिले. मग जिन्यावर कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला. रविवार नव्हता, हातात रुमाल नव्हता. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

“येऊ का आत?”

त्यांचंच घर. मी गडबडून उठले. “या की, बाई. बसा.”

बूट बाहेर काढून त्या आत आल्या. तीन वर्षांत त्या माझ्या खोलीत बसल्या नव्हत्या, नुसत्या तपासून गेल्या होत्या. सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या. पोत्याकडं बघितलं. मी चहा ठेवला. चहा झाला, कप हातात दिला.

“हं,” शेवटी म्हणाल्या. “बोल.”

“काय बोलू?”

“चौथं वर्ष लागलं. बोलतात ते बोल.”

परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती.

“पाणी उद्या येईल,” मी म्हटलं.

“हो, उद्या.”

“टाकी अर्धी आहे.”

“पुरेल.”

“गुड्डीचा दात हलतो.”

बाईंनी मान डोलावली. चहा संपवला. आणखी काही येतंय का म्हणून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढंच?”

“एवढंच असतं, बाई.”

त्यांनी कप खाली ठेवला, सतरंजीच्या मध्यावर सरकल्या आणि मांडी घातली.

“वरचा का खालचा?” त्यांनी विचारलं. “आणि कधीपासून हलतोय?”